तिसरं पेडल

ती गाडी आमच्या दारात ओढून आणून उभी केली त्या दुपारी आईने तिच्या बॉनेटवर तळहात टेकवून पाहिला आणि समाधानाने म्हणाली, "लय तापतंय. कुरडया इथंच वाळतील." त्या उन्हाळ्यात खरोखरच आमच्या कुरडया, बटाट्याचा कीस आणि नंतर सांडगी मिरच्या त्या पांढऱ्या गाडीच्या अंगावर वाळल्या. मुंबईच्या एका डॉक्टरांनी हौसेने घेतलेली ऑटोमॅटिक गाडी, आणि तिच्यावर आईच्या जुन्या साडीचा धडपा अंथरलेला. मी येता-जाता एक कुरडई मोडून तोंडात टाकायचे आणि गाडीभोवती एक चक्कर मारायचे. आत नेमकं काय मोडलंय ते मला बघायचं होतं, आणि कोणी बघू देत नव्हतं.

आमचं घर नाशकात, पवननगरच्या एका बोळकांडीसारख्या गल्लीत होतं. पुढे छोटं पोर्च, पोर्चच्या स्लॅबला दोन जाड कड्या आणि त्यांना टांगलेला आईचा झोपाळा. अण्णा म्हणजे माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात गिअरचे दाते पाडायच्या मशीनवर होते. तीस वर्षं मशीनला तेल घालणाऱ्या या माणसाने घरच्या झोपाळ्याला मात्र कधी तेल घातलं नाही, कारण कड्या वाजल्या की आई निवांत बसली आहे हे त्यांना आतल्या खोलीत कळायचं. सकाळी भोंगा, मग अण्णांच्या स्कूटरच्या किका, मग आईच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि दुपारी कड्यांची कुईकुई. या आवाजांवर आमचं घर चालायचं. आज माझ्या गॅरेजमध्ये दिवसभर कानठळ्या बसतात, तरी एखाद्या गाडीच्या सस्पेन्शनची कुईकुई ऐकली की मला भूक लागते.

गाडी आता मामाची होती, त्या डॉक्टरांकडून जुनी विकत घेतलेली. मामा चांदवडचा, कांद्याचा व्यापारी, बोलायला मोकळा आणि हौशी. ही गाडी घेतल्यावर पाच-सहा महिने तो हवेत होता. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही, त्यामुळे डाव्या पायाला कामच नाही. तो डावी मांडी घालून गाडी चालवायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "ओट्यावर बसल्यावानी वाटतं बघ." मग एक दिवस बाजार समितीतून आमच्याकडे येताना घराच्या थोडं अलीकडे गाडीने नुसताच आवाज केला आणि पुढे जायचं नाकारलं. कंपनीच्या माणसांनी तपासून सांगितलं की ऑटोमॅटिकचा सगळा गिअरबॉक्स गेला, नवाच बसवावा लागेल. किंमत ऐकून मामा आमच्या झोपाळ्यावर बसला तो दोन कप चहा होईपर्यंत उठला नाही. शेवटी म्हणाला, "भंगारात घालू. तोवर राहू दे तुमच्या दारात."

मी तेव्हा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. वर्गात सगळी मुलं आणि मी एकटी मुलगी. पास झाल्यावर मुलांना चार दिवसांत कामं मिळाली. मी गॅरेजमागून गॅरेज पालथं घातलं. कोणी हसलं, कोणी "वडिलांना घेऊन ये" म्हणालं, आणि एका मोठ्या शोरूमने मला काउंटरवर बसून गाड्यांच्या नोंदी घ्यायची नोकरी देऊ केली. अण्णांना ती पसंत होती. सावलीतलं काम, स्वच्छ कपडे, पंखा. "दसऱ्यानंतर जॉइन हो," ते म्हणाले. मला मेकॅनिक व्हायचं होतं आणि मला दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काउंटरपण मेकॅनिकचंच असतं ना." त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी मात्र आईने थालीपीठ लावलं आणि माझा निश्चय तिथेच ढासळला. दोन खाल्ली.

सगळ्यात शेवटी मी द्वारका चौकाच्या पुढे रशीदचाचांच्या गॅरेजात गेले होते. गिअरबॉक्सच्या कामात त्यांचं नाव आख्ख्या नाशकात होतं. ते हसले नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि तो पिऊन झाल्यावर म्हणाले, "बेटा, सीधी बात. प्लग साफ करनेवाले मेरेकू बहोत मिलते. माझ्याकडं येतं ते गिअरबॉक्सचं काम, वजनाचं काम. तू एक गाडीचा गिअरबॉक्स उतरव, परत चढव, आणि ती गाडी स्वतः चालवत माझ्या शटरपर्यंत आण. चावीवर चालू झाली पायजे, धक्का मारून नाय. मग तुझी जागा पक्की."

घरी येऊन मी पोर्चमध्ये उभी राहिले आणि समोर मिरच्या वाळत घातलेली गाडी बघितली.

माझी युक्ती सोपी होती. याच मॉडेलची साधी, हाताने गिअर टाकायची गाडी रस्त्यावर ढीगभर दिसायची. अपघातात गेलेली तशी एखादी भंगारात मिळाली तर तिचा गिअरबॉक्स, क्लच, पेडलं, गिअरचा दांडा, सगळं काढून या गाडीला बसवायचं. मी हे जेवताना मांडलं तेव्हा आईचा घास हातात राहिला. "लोक हातानं करायचं ते आपोआप करून घेत्यात," ती म्हणाली, "आन् तू आपोआप व्हायचं ते हातानं करणार?" मामाला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की फोन अण्णांच्या हातात द्यावा लागला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "कर पोरी. नायतर तिला भंगारातच जायचंय. दसऱ्यापर्यंत वेळ देतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला येईल." अण्णांनी ताटात हात धुतले आणि जाहीर केलं, "मी यात हात लावणार नाही." म्हणजे आता सरळ हिशेब होता. दसऱ्यापर्यंत गाडी चालली तर रशीदचाचांचं गॅरेज, नाही चालली तर गाडी भंगारात आणि मी काउंटरवर.

पहिला बळी गेला तो झोपाळ्याचा. इंजिन वरून धरून ठेवल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येत नाही, आणि धरायला घरात त्या दोन कड्यांइतकं मजबूत काही नव्हतं. मी झोपाळा उतरवला, भाड्याने चेन-कप्पी आणली, चौघा शेजाऱ्यांच्या मदतीने गाडीचं तोंड पोर्चमध्ये ढकललं आणि साखळीने इंजिन कडीला टांगलं. आई चार दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. दुपारी ती पायरीवर बसायची, पाय हलवायची सवय होती म्हणून नुसतेच पाय हलवत. गाडीखाली मी जुनी गोधडी अंथरली होती. एका रविवारी दुपारी तो मेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या गोधडीवर उतरला तेव्हा त्यातून लालसर तेल सांडलं, जळक्या वासाचं, आणि आई म्हणाली, "माझ्या आईच्या हातची गोधडी होती ती." मला खरंच वाईट वाटलं. पण त्याच वेळी मला नाचावंसंही वाटत होतं, कारण तेवढं धूड मी एकटीने खाली आणलं होतं.

अण्णा हात लावणार नव्हते, पण पहिल्या पाळीहून आले की ते दारात खुर्ची टाकून पेपर वाचायला बसायचे. तासभर एकच पान. मी चुकीच्या आकड्याचा पाना उचलला की पेपरामागून खाकरल्याचा आवाज यायचा. मी पाना बदलायचे. असा दोन आठवडे आमचा अबोल कारभार चालला.

भंगारात गेलेली साधी गाडी मनमाडच्या वाटेवर एका यार्डात सापडली. मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. मामाच्या कांद्याच्या टेम्पोतून तिचा सगळा ऐवज घरी आला आणि त्यात एक घोळ झाला. मी यार्डवाल्याला फोनवर सांगितलं होतं की डावीकडचा शाफ्टही हवा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकापर्यंत जाणारा दांडा. तो गाडीच्या तोंडासमोर उभा राहून बोलत होता, मी मनातल्या मनात ड्रायव्हरच्या सीटवर बसून बोलत होते. त्याचं डावं ते माझं उजवं. टेम्पोतून निघाला तो चुकीचा, भलत्याच लांबीचा शाफ्ट. मी डोकं धरून बसले. तेव्हा पेपरामागून पहिल्यांदा शब्द आले. "म्हणून लोक ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणतात. गाडीचा क्लीनर काही जागा बदलत नाही." पुन्हा पेपर वर. मनमाडची आणखी एक खेप झाली. आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी डावं-उजवं म्हटलं की मी त्यांना चहा आणायला पिटाळते.

अण्णांचा उपास सुटला तो त्या भंगारातल्या गिअरबॉक्समुळे. मी त्याचं झाकण उघडून आतले गिअर रॉकेलने धूत होते. अण्णा उठले, पेपर खुर्चीवर ठेवला, आणि उकिडवे बसून त्यांनी एका गिअरच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. एकेक दाता, सावकाश, डोळे मिटून. मी हातातला ब्रश थांबवला. "माझ्या हातचे नाहीत," ते बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण पाडणाऱ्याने मन लावून पाडलेत. एकही चावलेला नाही. घाल बिनधास्त." मग त्यांनी स्वतः ब्रश घेतला. तीस वर्षं हजारो गिअर पाडलेला माणूस, पण ते गिअर कुठे जाऊन काय करतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी त्यांना पहिला, दुसरा, तिसरा दाखवत गेले, कोण कोणाला फिरवतो ते सांगत गेले. शिकवणारी मी आणि ऐकणारे ते, असं आमच्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. आई आतून दोनदा "चहा निवला" म्हणाली, तरी आम्ही उठलो नाही.

त्यानंतर काम पळालं. ऑटोमॅटिकच्या जागी फ्लायव्हीलची जड तबकडी बसली, तिच्यावर क्लच. क्लचची प्लेट अगदी मध्यावर बसावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सची दांडी आत शिरत नाही. मध्य साधायचं खास हत्यार आमच्याकडे नव्हतं. अण्णांनी स्वयंपाकघरात जाऊन आईचं लाटणं आणलं, त्याच्या मुठीला पेपरच्या पट्ट्या गुंडाळल्या, एक पट्टी काढली, अर्धी घातली, आणि ते प्लेटच्या भोकात असं बसवलं की हलायला केसभर जागा राहिली नाही. "लाटणं कुठंय?" आईने आतून विचारलं. "गाडीत," अण्णा म्हणाले. त्या रात्री आम्ही हाताने थापलेल्या भाकरी खाल्ल्या आणि आईने त्या मुद्दाम जाड थापल्या.

पेडलांचं काम मात्र मी कोणाला करू दिलं नाही. या गाडीत ब्रेकचं रुंद पेडल आणि ॲक्सिलरेटर, अशी दोनच होती. ती सगळी जोडणी काढून तीन पेडलांची बसवायची. क्लचची केबल आतून इंजिनाकडे न्यायला पत्रा कापावा लागेल म्हणून मी धास्तावले होते, पण गालिचा उचलला तर तिथे कंपनीने भोक आधीच ठेवलेलं, रबरी बूच मारून. एकच पत्रा दोन्ही तऱ्हेच्या गाड्यांना. त्या बुचाकडे बघून मला इतका आनंद झाला की मी ते खिशात घालून घरभर दाखवत हिंडले. आई म्हणाली, "चांगलंय," आणि बाटलीला बसतं का ते बघितलं.

नवरात्र बसलं, गल्लीच्या तोंडाशी मंडप उभा राहिला, रोज संध्याकाळी गरब्याचे स्पीकर दणाणू लागले. सातव्या माळेला काम संपलं. तेल भरलं, बॅटरी चार्ज केली, गाडी पोर्चबाहेर ढकलून घेतली, आणि झोपाळाही पुन्हा टांगला. आई झोपाळ्यावर, अण्णा दारात. मी न्यूट्रल तपासला, क्लच दाबला, चावी फिरवली.

काहीच झालं नाही. समोरचे दिवे लागले, पेट्रोलचा काटा वर आला, पण स्टार्टर घुर्र सुद्धा म्हणाला नाही. मी पुन्हा फिरवली. दहा वेळा फिरवली. मग तो दिवस आणि पुढचा दिवस मी बॅटरी तपासली, फ्यूज तपासले, स्टार्टर खाली काढून थेट बॅटरीवर लावला, तर तो फर्रकन फिरला. परत बसवला तर मुका. शेजारचे लोक म्हणाले, धक्का मारू. मंडपामुळे गल्लीत तेवढी धाव घ्यायला जागा नव्हती, आणि असती तरी रशीदचाचांची अट मला आठवत होती. अण्णांनीही मान हलवली. "धक्क्याने चालू झाली म्हणजे काम पुरं झालं असं नाही." आठव्या माळेच्या संध्याकाळी मी हात धुतले तेव्हा काळं पाणी जाईना आणि रडूही थांबेना. पंख्याखालचं ते काउंटर मला दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी उठून पोर्चमध्ये आले तर माझे पाने जागेवर नव्हते. आईने पहाटेच सगळी हत्यारं गोळा केली होती. पाने, पकड, पेचकस, जॅक, अण्णांचं कॅलिपर, शिवाय विळी आणि लाटणंही. सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. माझा दहा-बाराचा पाना फुलांतून जेमतेम डोकं बाहेर काढून होता. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा पक्का नेम होता. कारखान्यात एकदा साहेबाने घाईचं काम आहे म्हणून सांगितलं तरी ते मशीनपुढे हात जोडून उभे राहिले होते. पूजा हलणार दसऱ्याच्या संध्याकाळी. त्यानंतर उरणार एक रात्र, आणि सकाळी भंगारवाला. मी भांडणार होते. पण त्या पाटाकडे बघून माझ्याने भांडवेना. माझी हत्यारं आईने पहिल्यांदाच पूजेत मांडली होती, अण्णांच्या हत्यारांच्या शेजारी.

दुपारी मामा जेवायला आला. लाटणं आणि विळी पूजेत म्हणून हाताने थापलेली पुरणपोळी, कटाची आमटी आणि हाताने खुडलेली मेथी. मामाने भंगारवाल्याला निरोप दिला असल्याचं सांगितलं आणि माझं तोंड बघून विषय बदलला. "तुला सांगतो, ही गाडी माझ्याकडं नवीन होती तेव्हा मलापण लय रडवलंय तिनं. पैल्या दिवशी डॉक्टर चावी देऊन गेले, आन् मी बसलो फिरवत. चालूच होईना! नुसते दिवे लागायचे. लाज सोडून फोन केला. डॉक्टर म्हणले, अहो, दांडा 'पी'वर न्या आधी. तो 'पी'वर नेल्याशिवाय चावी लागतच नाय तिची."

माझा घास तोंडातच राहिला. नुसते दिवे लागायचे. ऑटोमॅटिक गाडी चालू करताना पुढे धावू नये म्हणून तिच्या गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगच्या जागी, असेल तरच तो स्टार्टरकडे वीज सोडतो. तो स्विच मी जुन्या गिअरबॉक्सबरोबर काढून टाकला होता. त्याचं लोंबणारं सॉकेट बिनकामाचं म्हणून बांधून ठेवलं होतं. गाडी बिचारी अजून वाट बघत होती की कोणीतरी आपल्याला 'पी'वर आहेस असं सांगेल.

मी ताटावरून उठले. "पुरणाच्या ताटावरून उठत नायत गं!" आई ओरडली. मी तशीच उष्ट्या हाताने बॉनेट उघडून सॉकेट शोधलं. त्यात वायरींचा झुबका होता, पण दोन वायरी बाकीच्यांपेक्षा जाड होत्या. स्टार्टरच्या त्याच. त्या दोन जोडायच्या, बस. मी पाटाकडे बघितलं. पकड फुलांखाली होती. अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"अण्णा," मी म्हणाले, "दोन वायरी नुसत्या हाताने जोडल्या तर चालेल? पाना नको, पकड नको."

अण्णांनी पाटाकडे पाहिलं. 

"हात पूजेत ठेवलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हरकत नाही."

मी हात धुऊन आले, बॅटरीची तार अण्णांनी हातानेच सैल करून बाजूला धरली, आणि मी त्या दोन वायरी सॉकेटातून ओढून दातांनी सोलल्या. प्लॅस्टिकची चव आणि जिभेवर उरलेला वेलदोडा. पिळून जोडल्या. आता चिकटपट्टी लागणार होती, आणि चिकटपट्टी हत्यार आहे का यावर मामा आणि अण्णांचं एकमत होईना. "ते चिकटतं, कापत नाय," असा निकाल आईने दिला आणि स्वतः आणून दिली. तार परत बसली. मी गाडीत बसले. न्यूट्रल. क्लच पूर्ण खाली. चावी.

गाडी चालू झाली. एका फटक्यात, जणू काल संध्याकाळीच बंद केली होती. मी किंचाळले. मामाने शिट्टी मारली. आईने पदर तोंडाला लावला, आणि अण्णांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि तसेच ठेवून उभे राहिले. (पुढे मी क्लचच्या पेडलाला वेगळा स्विच बसवला, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय चावी लागायची नाही. आरटीओच्या कागदांच्या मागे मामा लागला. हे काम घरी करून बघू इच्छिणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी विसरू नयेत.) मी गाडी पहिल्या गिअरमध्ये चार हात पुढे नेली, रिव्हर्समध्ये चार हात मागे आणली, आणि मग जाऊन उरलेली पुरणपोळी खाल्ली. इतकी चवदार पुरणपोळी मी त्यानंतर खाल्लेली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मंडपवाल्यांनी वाट मोकळी केली. आईने गाडीला झेंडूचा हार घातला आणि ओवाळलं. अण्णा क्लीनर साइडला बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्रिमूर्ती चौकापर्यंत मी फक्त गाडीचं ऐकत होते. मग सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णा गिअरच्या दांड्याकडे बघतायत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. स्कूटरची मूठ सोडली तर आयुष्यात त्यांनी एकदाही गिअर बदलला नव्हता.

"अण्णा, हात ठेवा त्याच्यावर," मी म्हणाले. "मी क्लच दाबून 'हं' म्हणाले की सरळ मागे ओढा. दुसरा पडेल."

सिग्नल सुटला. मी पहिल्यावर निघाले, क्लच दाबला, "हं." त्यांनी ओढला. दुसरा गिअर पडला, हलका, आवाज न करता. अण्णांनी हात काढला नाही. "लागला," ते म्हणाले. मग तिसरा. मग मुंबई नाक्याच्या गर्दीत पुन्हा दुसरा. माझे दोन पाय आणि अण्णांचा हात, अशी ती गाडी द्वारकेपर्यंत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगीचच रिक्षावाल्यांवर ओरडत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

रशीदचाचांचं शटर अर्धं वर होतं, आत गाड्यांना हार घातलेले. मी गाडी शटरच्या अगदी तोंडाशी उभी केली, बंद केली, आणि त्यांच्यासमोर चावीवर पुन्हा चालू केली. चाचांनी वाकून खाली पाहिलं, तिन्ही पेडलं हाताने दाबून पाहिली, मग मला उतरायची खूण केली, स्वतः बसले आणि गाडी घेऊन निघून गेले. अण्णा आणि मी फुटपाथवर उभे राहिलो. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज येत होता. पहिला, दुसरा, तिसरा. मग वळणावर खाली, पुन्हा वर. प्रत्येक बदलाला अण्णांची बोटं त्यांच्याही नकळत हलत होती.  पाच मिनिटांनी गाडी परत आली, चाचा उतरले आणि त्यांनी दार हळूच लावलं. दुसऱ्याच्या नव्या गाडीचं लावतात तसं.

"क्लच थोडा ऊपर पकडतो," ते म्हणाले.

"केबल दोन आटे सैल करायचीय," मी म्हणाले. "संध्याकाळी करते."

त्यांनी मान डोलावली. ते आणखी काही बोलणार एवढ्यात एक पिकअप शटरपाशी येऊन थांबली. मागे टोमॅटोचे रिकामे क्रेट, आणि आतून उतरलेला माणूस पेठ तालुक्याकडचा, घामाघूम. "चाचा, दुसरा गेर लागत नाय. मिस्तरी कोण हाय मोकळा?"

रशीदचाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही उभी आहे ना."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मला काय म्हणावं हे त्याला सुचेना. ताई म्हणावं तर कामाचं बोलायचं होतं. मिस्तरीण म्हणावं तर ती मिस्तरीची बायको होते. तो डोक्यावरची टोपी मागेपुढे करत उभा राहिला. त्याला घाई होती, आणि शेवटी घाईच जिंकली.

"किती येळ लागंल, मिस्तरी?" त्याने मला विचारलं.

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला बोलताच आलं नसतं.

"आधी बघू द्या," मी म्हणाले, आणि पिकअपमध्ये चढून बसले.